घोडा लठ्ठ झालाय, हे आबांना कोण सांगणार?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून प्रॅक्टिस करते. गाई-म्हशींचं काम जास्त, पण घोड्यांची ओढ असल्यामुळे आसपासच्या तालुक्यांतले घोडेवालेही मला बोलावतात. सध्या दोन जनावरांची काळजी लागून राहिली आहे.

पहिला आमच्या गावातल्या एका बागाईतदारांचा मारवाडी घोडा. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. माझ्या वडिलांचे ते जुने स्नेही, त्यांच्या ओट्यावर मी लहानाची मोठी झाले. घोडा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला, पंचकल्याण म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, उंची 62 इंच. आबा त्याला पोरासारखं जपतात. रोज हरभऱ्याची चंदी, गूळ, तूप, रात्री दूध. काम काहीच नाही. मानेवर चरबीची वळी आली आहे. गेल्या वर्षी मी "आबा, खुराक जरा कमी केला तर बरं" एवढंच म्हणाले. ते हसून म्हणाले, "अगं, माझ्या दारातला घोडा वाळका दिसला तर लोक काय म्हणतील?" मी विषय सोडून दिला. आता तो फरशीवर जपून पाय टाकतो, पुढचे पाय पुढे काढून उभा राहतो. आबांना वाटतं, मुरगळलाय.

दुसरी वरातीची घोडी. तिच्या मालकाचं घर दोन घोड्यांवर चालतं. घोडीच्या पाठीवर, खोगिराखाली, मणक्यावर जखम झाली आहे आणि लग्नसराई भरात आहे. तो म्हणतो, "ताई, सुई मारा आणि मलम द्या, सुपाऱ्या घेऊन बसलोय."

खरं सांगायला गेलं की लोक दुसऱ्या कुणाला बोलावतात. तो इंजेक्शन देऊन निघून जातो आणि त्या घोड्यापर्यंत माझा हातही पोचत नाही. मग वाटतं, गोड बोलून का होईना, जवळ राहिलेलं बरं. ताई, हे चुकतंय का? आबांकडून मी व्हिजिटचे पैसेही घेत नाही.

एक पशुवैद्यक, नाशिक जिल्हा

* * *

प्रिय डॉक्टर,

वयाने धाकटी आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

आबांच्या घोड्याची लक्षणं तू बारकाईने लिहिली आहेस, पण आजाराचं नाव अख्ख्या पत्रात कुठे नाही. भार मागे टाकून उभं राहणं, फरशीवर जपून चालणं, मानेवरची वळी, वर्षानुवर्षं गूळ-हरभरा आणि कामाच्या नावाने शून्य. हा लॅमिनायटिस आहे, निदान तसं धरूनच आज हालचाल करायला हवी, आणि हे तुला माझ्याइतकंच कळतंय. नाव घेतलं की आबांना सांगावं लागेल, म्हणून तू ते लिहायचंसुद्धा टाळलंस, असं मला वाटतं. तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी ते नाव घे आणि मग गाडी काढ.

हे सदर घोडे न पाळणारेही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगते. घोड्याच्या खुरात एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला आतून नाजूक पापुद्र्यांनी बांधलेलं असतं. घोड्याचा सगळा भार त्या बांधणीवर असतो. लॅमिनायटिसमध्ये हे पापुद्रे सुजतात, सुटायला लागतात आणि दुखणं वाढलं तर हाड जागचं फिरतं किंवा खाली सरकतं. लठ्ठ, बसून खाणाऱ्या घोड्यात याचं मूळ बहुतेक वेळा खाण्यात असतं. माणसाच्या शुगरसारखाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की घोड्यात साखरेपेक्षा इन्सुलिन वाढतं आणि त्याचा मार खुरांवर बसतो. आबांना किंवा त्यांच्या घरात कुणाला शुगर असेलच, त्यामुळे ही गोष्ट त्यांना लगेच कळेल.

आता सांगायचं कसं.

सकाळी जाऊ नकोस. बागाईतदाराच्या पागेत सकाळी चहाला पाच-सहा माणसं असतात आणि त्यांच्यासमोर आबांचा घोडा लठ्ठ आहे म्हटलंस, तर आबा घोड्याऐवजी स्वतःची बाजू सांभाळत बसतील. संध्याकाळी जा. आधी फोन करून सांग, "आबा, घोडा बघायला येते, मोतद्दाराला थांबवून ठेवा." मोतद्दार हवाच. चंदी तोच घालतो, पाणी तोच दाखवतो, खुरातली घाण तोच काढतो. मालकाला सांगितलेली गोष्ट त्याच्यापर्यंत अर्धीमुर्धी पोचते आणि मग दोन दिवसांनी गुळाचा खडा पुन्हा सुरू होतो.

गेल्यावर भाषण देऊ नकोस. आबांचा हात धरून घोड्याच्या पुढच्या पायाशी ने. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं ठेवायला सांग. निरोगी घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते, बरेचदा हाताला लागतच नाही. या घोड्यात ती बोटांखाली ठणठण उडत असेल. मग तिथेच आसपास एखादी घोडी, शिंगरू, कुणाचा कामाचा घोडा असेल तर त्याच्या पायाला तसाच हात लावायला सांग. फरक आबांना स्वतःच्या बोटांनी कळू दे. त्यानंतर खुराच्या भिंतीवर तळहात. त्यानंतर मानेवर आयाळीच्या मुळाशी असलेली ती वळी मुठीत धरून बघायची: मऊ आहे की टणक, एका बाजूला कलते का. शेवटी बरगड्या. तळहात सपाट ठेवून हलका दाब दिला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. आबांना खोल दाबूनही लागणार नाहीत.

आणि मग सरळ वाक्य. "आबा, याला लॅमिनायटिस झालाय. मुरगळलेलं नाही. खुरात भयंकर दुखतंय. खाणं जास्त आणि काम नाही, त्यामुळे झालंय. आज बदल केला तर वाचायची आशा चांगली आहे, नाही केला तर हाड फिरेल." एवढं बोलून थांब. घाबरून लगेच "पण तुमची काही चूक नाही हो" असं जोडू नकोस. चूक आहे, त्यांना ती दिसेल, आणि ती दिसायला क्षणभर शांतता लागते. माझ्या अनुभवात मालक त्या क्षणी चिडतात किंवा गप्प होतात. दोन्हींत तू तिथेच उभी राहा.

"गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?" असं ते विचारतील. विचारलं तर, "सांगायला हवं होतं, भिडेपोटी नाही सांगितलं" इतकंच उत्तर दे. सारवासारव करू नकोस.

यानंतर कामाला लागायचं, कारण इथे तासांना किंमत आहे. बरेच मालक "जरा फिरवून मोकळा करू" म्हणतात. फिरवायचं अजिबात नाही, प्रत्येक पावलाला ती बांधणी आणखी सुटते. जमीन मऊ करायची: बांधकामासाठी आणलेली चाळलेली वाळू पागेत घोटाभर पसरली तरी घोड्याचा चेहरा बदलतो. आजार नुकताच उफाळला असेल तर पाय बर्फाच्या पाण्यात. दुखणं कमी करणारं औषध तू देशीलच. त्याच्या जोडीला कुणी स्टेरॉइड टोचणार नाही याची ताकीद दे, अशा लठ्ठ घोड्यात त्याने आग भडकायचा धोका असतो. रक्तातलं इन्सुलिन तपासून घे. एक्स-रे काढ, जिल्ह्यात फिरतं मशीन मिळतं का ते बघ, आणि काढल्याशिवाय हाड फिरलंय की नाही याबद्दल शब्द देऊ नकोस. "एक्स-रे बघूनच सांगेन" हेही खरं बोलणंच आहे.

खाण्यात हरभरा, गूळ, तूप, दूध, भरडा सगळं बंद. उसाचे वाढे तर नकोच, त्यात साखर असते आणि बागाईत भागात ते फुकट मिळतात म्हणून पागेत हमखास येतात. वाळलेलं साधं डोंगरी गवत, तेही तासभर पाण्यात बुडवून, पाणी फेकून द्यायचं. साखर त्या पाण्यातून बरीच निघून जाते. मापाला म्हणशील तर, घोड्याचं असायला हवं तेवढं वजन 400 किलो धरलं तर दिवसाला साधारण 6 किलो वाळलं गवत, चार-पाच वेळा विभागून. आबांना "उपाशी ठेवा" असं मात्र कधी ऐकू जाऊ देऊ नकोस. माणसाला सांगितलं डाएट, त्याने केली एकादशी, असं होतं आणि लठ्ठ घोडा एकदम उपाशी राहिला तर रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं. रिकाम्या पोटात आम्ल साचतं ते वेगळंच, कारण घोड्याची लाळ चावतानाच सुटते आणि त्याचं पोट तासन्‌तास थोडं थोडं चघळण्यासाठी घडलेलं आहे.

इथवरचं तुला पाठ असेल. मला जास्त बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल.

आबा वाईट मालक नाहीत. उलट तो घोडा नशीबवान आहे, त्याच्यावर जीव टाकणारं माणूस आहे. आपल्याकडे रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. घोड्याबद्दलची ही माया आबांच्या रक्तात आहे आणि ती त्यांना एकाच रीतीने व्यक्त करता येते: हाताने भरवून. तू जेव्हा "कमी करा" म्हणतेस तेव्हा त्यांना ऐकू येतं, "माया कमी करा." मग ते ऐकणार कसे? खुराक काढून घेतलास तर त्या जागी त्यांच्या हाताला दुसरं काही दे. संध्याकाळी चंदीचा तोबरा घेऊन जायच्या वेळेला अंग घासायचा खरारा घेऊन जाऊ देत. गवत भिजवायचं काम त्यांनाच सांग. आणि दर रविवारी घोडा मोजायचं काम त्यांच्या वहीत लावून दे.

मोजायला शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, मग खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,877, की साधारण किलो येतात. घेर 190 आणि लांबी 158 असेल तर 480 किलो. हा आकडा काट्यावरच्या इतका अचूक नसतो, पण त्याच फितीने, त्याच जागी, त्याच माणसाने मोजलं की घोडा उतरतोय की चढतोय हे लपत नाही. द्राक्षबागेत औषधाच्या फवारण्या आणि उसाचे टनेज वहीत लिहिणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. डोळ्यांवर विसंबू नये, कारण रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. अमेरिकेत डॉन हेनेके यांनी 1983 साली घोड्याच्या अंगावरची चरबी हाताने चाचपून 1 ते 9 गुण द्यायची पद्धत मांडली, ती याचसाठी. मधला 5 म्हणजे ठीक. आबांना स्वतःच गुण द्यायला सांग, मग तू दे, आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

"वाळका दिसला तर लोक काय म्हणतील" याचंही उत्तर तुझ्याकडे तयार असू दे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार भरतो तेव्हा चरबी घोड्याची किंमत वाढवते, हे खरं आहे. भरलेली मान, गोल पुठ्ठा, चकाकती कातडी. गिऱ्हाईक देवमण हा गळ्यावरचा शुभ भोवरा शोधतं, बाकीचे भोवरे मोजतं, कानांची टोकं जुळतात का बघतं, आणि चार खुरं उचलून बघायची राहून जातात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. शुभ-अशुभाचा एवढा अभ्यास असलेली माणसं आहेत ही, त्यांची नजर साधीसुधी नाही. तीच नजर खुरांकडे वळवली तर किती घोडे वाचतील. आबांना गावात मान आहे. ते पारावर म्हणाले, "घोडा लठ्ठ ठेवू नका, माझा मरता मरता वाचला," तर ते तुझ्या-माझ्या दहा शिबिरांपेक्षा जास्त चालेल. पण त्यासाठी आधी त्यांना खरं कळायला हवं.

किती दिवसांत बरा होईल, हे ते विचारतीलच. पंधरा दिवस म्हणू नकोस. दुखणं काही दिवसांत आटोक्यात येईल, पण खूर महिन्याला जेमतेम 8 ते 10 मिलिमीटर वाढतं आणि पुढचा भाग मुळापासून जमिनीपर्यंत नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर चार ते सहा आठवड्यांनी खूर कापणं आलं. नालबंदाला तुझ्या समोर बोलाव, एक्स-रे त्याला दाखव. आपल्याकडचे नालबंद हाताचे चांगले असतात, फक्त डॉक्टर त्यांच्याशी बोलत नाहीत. आणि हाड तळव्यापर्यंत उतरलेलं असेल, उभं राहणंच छळ झालेलं असेल, तर त्याला शांतपणे निरोप द्यायची वेळ येऊ शकते, हेही पहिल्याच आठवड्यात एकदा बोलून ठेव. आपल्या भागात हा विषय पाप समजून टाळतात आणि मग न चालणारा घोडा कुठेतरी पांजरपोळात सोडून येतात, म्हणजे डोळ्यांआड. घोड्याचे हाल त्याने एका दिवसानेही कमी होत नाहीत. वेळ येईल तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, असं आबांच्या वाट्याला येऊ नये.

आता तुझा खरा प्रश्न. गोड बोलून जवळ राहावं की खरं बोलून दूर फेकलं जावं?

गेल्या वर्षभर तू आबांच्या जवळच होतीस. त्या जवळ असण्याचा घोड्याला काय उपयोग झाला, हे स्वतःला विचार. हे तुला बोचेल, पण बोचू दे. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, लाखो वर्षं दुखणं लपवून जगलेला. कुत्र्यासारखा तो कण्हत नाही. युरोपातल्या संशोधकांनी 2014 साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत मांडली. त्यात बघायचं काय, तर मागे ताठरलेले कान, आक्रसलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे आवळलेले स्नायू, घट्ट ओठ आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. इतक्या बारीक खुणांत त्याचं सगळं सांगणं असतं. त्या वाचता येणारं तुझ्या पंचक्रोशीत बहुधा तूच एक माणूस आहेस. तू गप्प बसलीस तर मालकाला वाटतं, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, काही बोलल्या नाहीत, म्हणजे सगळं ठीक. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ पागेत असा लावला जातो. डॉक्टर आलाच नसता तर निदान मालकाच्या मनात शंका तरी राहिली असती.

लोक तोडतात, हे खोटं नाही. माझ्याकडून गेलेले काही मालक परत आले नाहीत. पण मी सांगितलेलं पागेत राहिलं. मोतद्दार जागा बदलतात, एका पागेतून दुसरीत जातात, आणि रात्री-अपरात्री त्यांचे फोन येतात: "मॅडम, इथल्या घोड्याचं तुम्ही त्या दिवशी दाखवलं तसंच झालंय." नालबंदही सांगतात. म्हणून दरवेळी निघताना कागद ठेवून ये. तारीख, काय आढळलं, काय द्यायचं, काय द्यायचं नाही, दुखणं दाबून काम घेऊ नये, असं साध्या मराठीत आणि मोठ्या अक्षरात. तुझ्यामागून इंजेक्शनवाला आला तरी पागेच्या भिंतीवर तो कागद असेल.

खरं बोलणं म्हणजे फटकळपणा, असा मात्र समज करून घेऊ नकोस. काही डॉक्टर मालकाला चारचौघांत झाडतात आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतात. अपमान झालेला मालक पुढच्या वेळी घोडा मरायला टेकेपर्यंत कुणालाच बोलावत नाही.

वरातीच्या घोडीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे मालकाला बहुतेक सगळं माहीत आहे. जखम त्याला दिसते, घोडी खोगीर बघून अंग चोरते तेही दिसते. त्याला न परवडणारं सत्य तू नुसतं ऐकवून निघालीस तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. आधी त्याचं ऐक. कुठल्या तारखांच्या सुपाऱ्या आहेत, दुसरी घोडी किती काम ओढते, बयाणा किती घेतलाय, कर्ज आहे का. मग त्याच्याच हिशेबात बोल. जखम वरवरची असेल तर तीन ते चार आठवडे पाठीवर काही चढवायचं नाही. तसंच खोगीर घातलं तर ती हाडापर्यंत जाईल, आणि मग हा हंगामच काय, घोडीच हातची जाऊ शकते. कागदावर तारीख घालून दे: या तारखेला मी येऊन बघेन, पाठ भरलेली असली तर खोगीर. "बरी होईपर्यंत थांबा" याला लग्नवाला ऐकत नाही, तारखेला ऐकतो. तोवरच्या सुपाऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या घोडेवाल्याकडे वळवून मधले थोडे पैसे घेता येतात, हे लोक एरवीही एकमेकांत करतात. गरज पडली तर त्या दुसऱ्याला तू फोन कर. दुसऱ्या घोडीवर दुप्पट भार येणार नाही याकडेही लक्ष दे.

सुई तू मारायची नाहीस, एवढं पक्कं. दुखणं कमी करायला औषध जरूर दे, पण घोडी कामावर न जाता घरी विश्रांतीला राहणार असेल तरच. दुखणं दाबून तिला डीजेपुढे नाचवायला नेलं, तर त्या इंजेक्शनने तू जखम खोल करायला हात लावलास. हे त्याला याच शब्दांत सांग. धनुर्वाताची लस झाली आहे का विचार, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि जखम उघडी आहे. खोगीर उलटं करून बघ, नव्वद टक्के दोष तिथे सापडतो: मधली गादी बसलेली, लाकूड मणक्यावर टेकलेलं, त्यावर गोधड्यांच्या घड्या. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, तो किती आवळतो ते बघ. तोंडात हात घालून लगाम बघ. घोड्याला आवरायला काटेरी लगाम वापरायला 1965 च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनी मनाई आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो सापडतो. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर ओझ्याची मर्यादा 70 किलो घातलेली आहे. फेटा बांधलेला नवरदेव, पुढ्यात बसवलेला भाचा आणि चांदीचा साज यांची बेरीज त्याला करून दाखव.

जखमी जनावराला कामाला जुंपणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. हे त्याला एकदा शांतपणे सांग, म्हणजे उद्या कुणी वरातीत मोबाईलवर व्हिडिओ काढला तर काय होईल याची त्याला कल्पना राहील. धमकी म्हणून सांगू नकोस. पण सगळं समजावूनही त्याने उघड्या जखमेवर खोगीर चढवलं, तर तक्रार करायची तयारी तुझी असली पाहिजे, आणि ती आहे हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. पाठीमागून केलेली तक्रार हाही एक प्रकारचा खोटेपणाच.

वडिलांना आबांकडे मध्यस्थीला पाठवू नकोस. जायच्या आधी त्यांना एवढंच सांग, "मी आबांना कडू बोलणार आहे, डॉक्टर म्हणून बोलणार आहे." ते जाणते असतील तर समजतील, नाही समजले तरी जा.

आणि व्हिजिटची फी घ्यायला लाग, आबांकडूनही. फुकट येणारी मुलगी घरची पाहुणी असते, तिच्या हातावर साखर ठेवतात आणि तिच्या सल्ल्यावर मान डोलावतात. पैसे मोजून बोलावलेल्या डॉक्टरचा कागद मोतद्दार भिंतीला लावतो. संकोच वाटत असेल तर पहिल्याच दिवशी एक्स-रेचा खर्च आणि पुढच्या भेटींची फी त्याच कागदावर खाली लिहून दे. घोडीच्या मालकाला हप्ते पाडून दे, पण माफ करू नकोस. एक्स-रे आले की मला पाठव, नालबंदासाठी खुराचा कोन कसा धरायचा ते मी रेघा मारून परत पाठवते.

तुझी ताई